पेनड्राइव्ह लावू नये

आसिया शिकलगारला माणसांची भीती नव्हती. परीक्षेची तर त्याहून नाही. भीती होती ती एकाच गोष्टीची. सकाळी बटन दाबलं आणि मशीन उठलंच नाही तर?

पलूसला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिच्या अब्बाचं, लियाकतचं, धार लावायचं दुकान. त्या दुकानावर पत्र्याच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर क्लास. खाली चाकावर ऊसतोडीचे कोयते घासले जायचे, ठिणग्या उडायच्या, आणि वर ढेरी सुटलेल्या जुन्या मॉनिटरांसमोर पोरी दाटीवाटीनं बसायच्या. उन्हाळ्यात पत्रा तापला की मशीनं गरम व्हायची, पोरी गरम व्हायच्या, आणि आसिया तर बाराही महिने गरमच. दारातून आत पाऊल टाकलं की समोर तिच्याच अक्षरातली पाटी: पेनड्राइव्ह लावू नये. खाली लाल रंगात दुसरी ओळ: लावल्यास क्लासमधून काढण्यात येईल.

लोक हसायचे त्या पाटीला. ज्यांची मशीनं नवी, त्यांना हसायला काय जातंय! आसियाची मशीनं बुडालेल्या एका पतसंस्थेतून आलेली. ठेवीदार बोंबलत राहिले, संचालक पसार झाले, आणि कचेरीतलं सगळं सामान आकाराम भंगारवाल्यानं टेम्पोत भरलं. जाता जाता पत्रा कापायच्या कात्रीला धार लावायला म्हणून तो लियाकतकडं थांबला. आसिया तेव्हा बी.ए. होऊन घरात बसलेली. ती सरळ टेम्पोवर चढली.

"काका, हे फोडू नका."

"आगं पोरी, ह्यात काय हाय? तांबं काढायचं न् पत्रा इकायचा."

"मला द्या."

"तू काय करनार ह्येचं? कोंबड्या ठिवनार व्हय आत?"

तिनं कोंबड्या ठेवल्या नाहीत. कव्हर फाटलेलं एक गाईड पैदा केलं, स्क्रूड्रायव्हर अब्बाचाच घेतला, आणि एकेक मशीन उघडून, जोडून, परत उघडून ती शिकली. शिकवायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं की नाही, शंकाच आहे. मशीन उठलं नाही की रॅमची पट्टी काढायची, पोरीच्या कंपासमधलं खोडरबर घेऊन तिचे सोनेरी दात घासायचे, फुंकर मारायची आणि परत बसवायची. बहुतेक वेळा मशीन उठायचं. आतले सेल केव्हाच मेलेले, त्यामुळं आपण कुठल्या सालात आहोत हे प्रत्येक मशीन रोज सकाळी विसरायचं. पडद्यावरची तारीख बघून पोरी म्हणायच्या, "म्याडम, आज आमचा जनम व्हायचाय अजून."

असल्या मशीनवर नवं काही चढायचं नाही. चढवायला गेलं की अर्ध्यात मान टाकायचं. चालायचा तो एकटा टर्बो. सी प्लस प्लसचे प्रोग्रॅम लिहायचं ते जुनं सॉफ्टवेअर: निळं पान, पिवळी अक्षरं, माऊसची गरज नाही, इंटरनेटचं तर नावच नको. एका पोरीनं मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातल्या व्हायरसनं, तोंडावर परीक्षा असताना, सगळी मशीनं आडवी केली होती. पाटी त्या आठवड्यातली.

आणि यात आसियाचं एकटीचं चुकत होतं असं कुणी म्हणू नये. कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला तेच निळं पान होतं. गाईडात तेच, कॉलेजच्या सरांनाही तेच येत होतं. जगात काय बदललं हे सांगायला पलूसला कोण येणार? येणारे येतात ते फीत कापायला आणि फोटो काढायला. तेव्हा पोरी आसियाच्या मागं पाढे म्हणावेत तशा एका सुरात म्हणायच्या: "हॅश इन्क्लूड आयोस्ट्रीम डॉट एच! हॅश इन्क्लूड कोनिओ डॉट एच! व्हॉइड मेन! सीएलआर एससीआर!" खाली लियाकतचंही ते पाठ झालं होतं. गिऱ्हाइकाच्या हातात कोयता देताना तो म्हणायचा, "घ्या पाटील, व्हॉइड मेन. आता ऊस काय, लाकूड बी तुटंल."

त्याचं एक म्हणणं आसियानं लहानपणापासून ऐकलेलं. पातं जुनं झालं म्हणून टाकायचं नसतं, धार धरतं का ते बघायचं. तेवढ्या एका वाक्यावर तिनं अख्खा क्लास उभा केला.

*

क्लासमध्ये पुष्कळ पोरी आल्या आणि गेल्या, पण स्वप्नालीसारखी दुसरी नव्हती. आटपाडीकडच्या मेंढपाळाची पोर. बाप आप्पासो मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला यायचा, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा, आणि पोरगी पलूसला मावशीकडं ठेवून पुढं जायचा. आसियानं फळ्यावर गणित मांडून पाठ फिरवायच्या आत स्वप्नालीचा प्रोग्रॅम चाललेला असायचा. आसिया तोंडावर कधी कौतुक करायची नाही. पण घरी जेवताना अब्बाला सांगायची, "ये छोकरी आगे जायेगी देखो."

कॉम्प्युटरची पदवी घेऊन छोकरी पुण्याला नोकरीच्या मुलाखतीला गेली. परत आली ती पलूसला नाही, थेट मेढ्याला मामाकडं. तिथं झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला बसली. बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी क्लास भरलेला असताना, ती दारात येऊन उभी राहिली.

"म्याडम, तिकडं आपला प्रोग्रॅम चालत न्हाई."

"चालत नाही म्हणजे काय?"

"पैल्या वळीलाच आडतंय. आयोस्ट्रीम डॉट एच असं कायच न्हाई म्हनतंय. व्हॉइड मेन बी घेत न्हाई. लय हसली लोकं मला." पोरी माना वळवून बघायला लागल्या. स्वप्नालीनं मूठ उघडली. काळ्या लोकरीच्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह होता. "म्हनून हे आणलंय. नवं हाय, पन हलकं हाय. आमच्या दुकानातलं मशीन तुमच्यापेक्षा मरतुकडं हाय, त्याच्यावर घालून बघितलंय मी. एकदा लावून तर बघा."

आसियाच्या कानशिलात सण्ण झालं. इतक्या पोरींसमोर, तिच्याच क्लासात, तिचीच पोरगी सांगत होती की तू शिकवलंस ते जगात चालत नाही.

"स्वप्नाली, पाटी वाच."

"म्याडम, माझं ऐका तरी..."

"मोठ्यानं वाच. पोरींना ऐकू दे."

"पेनड्राइव्ह लावू नये."

"दुसरी ओळ."

"लावल्यास क्लासमधून काढण्यात येईल."

"कळलं? तुला मुलाखतीत जमलं नसेल तर तसं सांग. माझ्या नावानं बिल फाडू नको."

स्वप्नाली रडली नाही. तिनं पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. मला काय करायचाय? माझ्याकडं मशीन कुठं हाय?" आणि ती जिना उतरून गेली. खाली लियाकतनं विचारलं, "काय गं, निघाली लगेच?" ती तोवर गल्लीच्या कोपऱ्याला पोचली होती.

आसियानं पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला आणि पोरींवर खेकसली, "बघता काय? व्हॉइड मेन!"

*

पुढं दिवस फिरले. मोबाईलवर सगळं शिकता येतं असं पोरींच्या बापांना कुणीतरी पटवलं. बाकं रिकामी पडू लागली. खोडरबरानं न उठणारी मशीनं वाढली. मेलेल्यांचे भाग काढून आसिया जित्यांना जोडायची. लियाकतचे हात कापायला लागले, आणि कापत्या हाताकडं धार लावायला कोण कोयता देतंय?

तेवढ्यात शाळांमध्ये कंत्राटी संगणक शिक्षक भरायची जाहिरात आली. एरवी कॉम्प्युटरच्या पदवीची अट असायची, म्हणजे आसियाला दार बंद. या खेपेला कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला होता: पदवी नसली तर शिकवायचा अनुभव चालेल. पण तेही याच भरतीपुरतं. पुढच्या भरतीत ही सूट नसणार होती, आणि असती तरी आसियाचं वय तिच्यात बसणार नव्हतं. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

लेखी परीक्षेत ती वरच्या नंबरात आली. लियाकतनं गल्लीत पेढे वाटले. आता राहिलं होतं प्रात्यक्षिक, साताऱ्याला. विषय, सी प्लस प्लस.

आदल्या दिवशी दुपारी, क्लास रिकामा असताना, आसियानं ड्रॉवर उघडला. लोकरीचा दोरा बोटाला लागला. पहिल्या ओळीलाच अडतंय, असं ती पोरगी म्हणाली होती. खरं असेल तर? तिनं पेनड्राइव्ह मशीनच्या तोंडापर्यंत नेला. व्हायरस असेल तर, असं ती स्वतःला म्हणाली. पण ते खोटं होतं, आणि तिचं तिला कळत होतं. लावला आणि पोरगी खरी निघाली तर, ही भीती होती. इतक्या वर्षांचं निळं पान एका दुपारी खोटं पडलं तर उद्या कुठल्या तोंडानं साताऱ्याला जायचं? सी प्लस प्लस म्हणजे सी प्लस प्लस, आणि डोकं आपलंच आहे, असं म्हणून तिनं पेनड्राइव्ह परत आत टाकला आणि ड्रॉवर गुडघ्यानं लोटला.

*

कराडला एस.टी. बदलून ती साताऱ्याला उतरली. हायवेला लागून असलेल्या एका कॉलेजात केंद्र होतं. गेटवर गर्दी. त्या गर्दीतून आवाज आला.

"म्याडम!"

स्वप्नाली. हातात हॉल तिकीट. अंगानं वाळली होती, पण डोळे तेच.

"तुमी पन हाय व्हय?"

"का? म्हातारी दिसते का मी?"

"तसं न्हवं वो." स्वप्नाली हसली. राग कुठं ठेवून आली होती कोण जाणे. मग हळूच, कुणाला ऐकू जाऊ नये अशी जवळ येऊन तिनं विचारलं, "त्या पेनड्राइव्हातलं बघितलं न्हवं तुमी? हितं तेच हाय सगळं. आमच्या दुकानात एक पोरगं सांगत हुतं, तेच्या भावाची परीक्षा झाली काल सकाळच्या पाळीला."

खरं बोलायला एक शब्द पुरला असता.

"बघितलं की," आसिया म्हणाली.

"मग बरं झालं. मला लय काळजी लागलीती. काल फोन करनार हुते, पन म्हनलं तुमी काय उचलायच्या न्हाई." आसियाच्या चेहऱ्यावर काहीतरी तिला दिसलं असावं. "म्याडम, ती नेमस्पेसची वळ तेवढी इसरू नका. ती न्हाई टाकली तर सगळं..."

"स्वप्नाली, परीक्षेच्या दारात मला शिकवणी नको घेऊस."

स्वप्नालीचं तोंड मिटलं. गेट उघडलं.

*

हॉल गार. मशीनं सपाट, काळीभोर, आवाज नाही. पहिल्यांदा आसियाला काय खटकलं असेल तर तो आवाज नसणं. मशीन जिवंत आहे हे कळावं कसं?

दोन प्रोग्रॅम लिहायचे होते, आणि पात्र ठरायला दोन्ही चालायला हवे होते. चालला तर मार्क, नाही चालला तर काही नाही. पहिला प्रश्न वाचून तिला हसू आलं. हा तर ती नव्या बॅचला दुसऱ्याच महिन्यात घालायची. पडद्यावर निळं पान नव्हतं, पांढरी चौकट होती. पण बोटांना पान लागत नाही. बोटं धावली. आयोस्ट्रीम डॉट एच, कोनिओ डॉट एच, व्हॉइड मेन, सीएलआर एससीआर. लिहून झालं. तिनं बटन दाबलं.

लाल ओळ. आयोस्ट्रीम डॉट एच नावाची फाईल नाही.

असेल टायपिंगची चूक म्हणून तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल. आजूबाजूला कळा टकटक वाजत होत्या. तिनं तिसऱ्यांदा टाइप केलं, सावकाश, पोरींना फळ्यावर दाखवतात तसं एकेक अक्षर. लाल.

मग तिनं डॉट एच काढला. पहिली ओळ गिळली मशीननं! जिवात जीव आला. लगेच दुसरी लाल: कोनिओ डॉट एच नाही. तो काढला, तर एकदम लालीलाल. सीएलआर एससीआर कोण, ओळखत नाही. गेट सीएच कोण, ओळखत नाही. व्हॉइड मेन चालणार नाही. तिनं ते एकेक उपटून काढलं. जे जे घासून घासून पोरींच्या जिभेवर बसवलं होतं ते ते. आणि शेवटी उरला सी आउट. पडद्यावर उत्तर छापायचा साधा शब्द, पहिल्या दिवशी शिकवायचा. मशीन म्हणालं, सी आउट ओळखत नाही.

उत्तर छापताच येत नाही तर प्रोग्रॅम लिहून काय उपयोग? लाल ओळींत इंग्रजीत लांबलचक काहीतरी लिहिलेलं होतं. एरवी तिनं ते वाचलं असतं, लावलं असतं. आत्ता अक्षरंच एका जागी ठरेनात. नेमस्पेस. कानात तो शब्द वाजत होता. नेमस्पेसची ओळ. पण ती ओळ काय? कुठं टाकायची? सांगत होती ती. तोंडातून निघालंच होतं तिच्या. मीच तिचं तोंड बंद केलं.

दोन खुर्च्या सोडून स्वप्नाली बसली होती. तिच्या कळांचा आवाज आसियाला बरोबर ओळखू येत होता. त्याच बोटांना तिनं वळण लावलं होतं. मग तो आवाज थांबला. खुर्ची सरकली. स्वप्नाली उठली आणि जाताना तिनं एकदा आसियाच्या पडद्याकडं पाहिलं. त्यावर सगळं लालच लाल. स्वप्नाली जागच्या जागी थांबली. "चला, चला," पर्यवेक्षक म्हणाला. ती गेली.

तेव्हा कुठं आसियाला प्रिंट एफ आठवला. सी प्लस प्लसच्या आधीच्या जुन्या सी भाषेतला छापायचा शब्द. मूर्ख बाई! जुनंच वापरायचं होतं तर आणखी जुनं वापर की! तिनं सगळं पुसलं आणि नव्यानं लिहिलं. बोटं घामानं कळांवरून घसरत होती. बटन दाबलं. हिरवं. पहिला प्रोग्रॅम चालला. तिनं दुसरा प्रश्न उघडला, वाचला, तो त्याहून सोपा होता, आणि दोन ओळी लिहून होतात न होतात तोवर पडदा आपोआप बंद झाला. वेळ संपली होती. थोड्या वेळानं अक्षरं उमटली: पात्र नाही.

ती बसूनच राहिली. "म्याडम, उठा, पुढची पाळी हाय," असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा उठली.

बाहेर स्वप्नाली थांबली होती. आसिया तिच्या अंगावरून पुढं निघाली. मागून आवाज आला, "बघितलं न्हवतं, व्हय ना?"

आसिया हायवेच्या कडेनं तशीच पुढं चालत राहिली.

*

पलूसला पोचली तेव्हा लियाकत दुकानाची फळी लावत होता. "कैसा गया, बेटा?" ती सरळ वर गेली. ड्रॉवर उघडला. सगळ्यात जुनं, सगळ्यात खोकणारं मशीन चालू केलं आणि आपणच लिहिलेल्या पाटीसमोर आपल्याच हातानं पेनड्राइव्ह लावला.

मशीन घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं. पडद्यावरची पट्टी इतकी सावकाश सरकत होती की ते आता मान टाकणार असं दरवेळी वाटावं. टाकू दे, असं आसियाला मनापासून वाटलं. मेलं तर बरं. म्हणजे म्हणता येईल की मशीनंच गरीब होती, इलाज नव्हता.

मशीन मेलं नाही. सॉफ्टवेअर चढलं. आत स्वप्नालीनं एक नमुना करून ठेवला होता. क्लासमध्ये पहिल्या दिवशी जो लिहितात तोच प्रोग्रॅम, फक्त नव्या रीतीनं. पहिली ओळ, डॉट एच नाही. दुसरी ओळ, नेमस्पेसची. चार शब्दसुद्धा नव्हते तिच्यात. तिनं बटन दाबलं. काळी खिडकी उघडली आणि इंग्रजी अक्षरांत क्लासचं नाव आलं: शिकलगार कॉम्प्युटर क्लास, पलूस.

लियाकत जिना धरत धरत वर आला. "क्या हुआ?"

"चलता है, अब्बा. इस मशीनपे चलता है."

"तो फिर रोती कायको?"

"चलता है करकेच."

तिनं फोन लावला. पलीकडं झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता.

"बोला म्याडम."

"न्हवतं बघितलं मी."

"म्हाइत हाय."

"आत्ता बघितलं." तिनं पाटीकडं पाहिलं. "उद्या ये. पोरींना तूच शिकव. मी मागं बसते."

"मला न्हाई यायचं."

"राग आहे अजून?"

"मग? पोरींम्होरं पाटी वाचाया लावली तुमी मला. दुसरी वळ बी." झेरॉक्सचा आवाज थांबला. "तुमीच शिकवा. पन शिकवताना सांगा कुनी आनलं हुतं. आन् पाटी वाचाया लावली ते बी सांगा."

फोन बंद झाला.

*

सकाळी आसियानं सांगितलं. पाटीसकट सगळं सांगितलं. अपमानानं तिचा आवाज चिरकत होता, पण तिनं एक शब्द गाळला नाही. मग नवी पहिली ओळ फळ्यावर लिहिली. पोरी वह्यांत उतरवायला लागल्या. मागच्या बाकावरची अर्फा मात्र लिहीत नव्हती.

"काय गं? लिही."

"म्याडम, मग माझ्या तायीचं काय?"

अर्फाची ताई याच बाकावर बसून गेली होती. आता एमआयडीसीत पॅकिंगला जायची.

"ती मुलाखतीसनं परत आलीती तवा तुमी म्हनला हुता, तुझा सराव कमी पडला म्हनून. आजून ती तसंच म्हनती. माझा सराव कमी पडला."

आसियाला अब्बाचं वाक्य आठवलं आणि पहिल्यांदाच त्यात काहीतरी राहून गेलेलं दिसलं. धार राहते का हे कापल्यावर कळतं, आणि कापायला तर पोरी जात होत्या, ती नाही. हात कापून घेऊन पोरी परत यायच्या आणि ही त्यांनाच म्हणायची, नीट धरता आलं नाही.

"कवा सुटती तुझी ताई?"

"संध्याकाळी."

संध्याकाळी आसिया कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. लोकरीचा दोरा तिनं मुठीत घट्ट आवळून धरला होता. एकीला सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. भोंगा झाला. तोंडाला ओढण्या बांधलेल्या बाया लोंढ्यानं बाहेर येऊ लागल्या. सगळ्यांचे नुसते डोळेच दिसत होते. त्यांतली अर्फाची ताई कोणती ते तिला कळेना.

मग त्यातल्या एकीनं ओढणी खाली ओढली आणि ओरडली, "आगं, म्याडम!"

तिच्या शेजारचीनंही ओढणी काढली. मग मागचीनं. मग सायकल धरून उभी होती तिनं. एकेक तोंड उघडं पडत गेलं, आणि आसियाला एकेक नाव आठवत गेलं. कोण कुठल्या मशीनवर बसायची तेसुद्धा. सगळ्या तिच्याच. घामेजलेल्या, दमलेल्या, आणि तिला बघून लहान पोरींसारख्या खूश झालेल्या. त्यांनी तिच्याभोवती घोळका केला, तिचे हात धरले.

"हिकडं कुठं म्याडम? कोनाकडं आलाय?"